एड्सेलची रेघ
(स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते आम्हा पॉलिटेक्निकच्या मुलांना ड्रॉइंग शिकवायचे. त्यांचं नाव मागच्या फलकावर आहे. मी त्यांना ‘सर’च म्हणणार, दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही. शीट तपासायला बसले की सरांच्या हातात पेन्सिल नसे, खोडरबर असे. ‘ही रेघ कशाला?’ एवढंच विचारायचे. उत्तर आलं नाही की रेघ गेली.

ड्रॉइंग हॉलच्या भिंतीवर सरांनी रद्दीतल्या एका अमेरिकन मासिकातलं चित्र चिकटवलं होतं. काळी, लांब, चार दारांची मोटार. ‘ही गाडी बाजूने कमीत कमी किती रेघांत काढता येईल?’ हा त्यांचा पहिल्या वर्षाचा ठरलेला प्रश्न. आम्ही पंधरा-वीस रेघा मारायचो. सर पाच-सहांत काढून दाखवायचे आणि मागच्या बाकावरच्यालाही गाडी ओळखू यायची. ती गाडी म्हणजे १९६१ची लिंकन कॉन्टिनेन्टल.

आजचा विषय कळवला तेव्हा मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी जरा चाचरतच विचारलं, की आपल्याकडे साहित्यावर, समाजकारणावर व्याख्यानं होतात, अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या गाडीवर तासभर काय बोलणार? शंका रास्त होती. मी म्हटलं, गाडीवरच बोलेन, गाडीचं निमित्त करून दुसरीकडे जाणार नाही. पण त्या गाडीत एक कर्तबगार, हट्टी बाप आहे आणि त्याच्या सावलीत वाढलेला एकुलता एक मुलगा आहे. ही गोष्ट आपल्या माणसांना परकी वाटायची नाही.

बाप म्हणजे हेन्री फोर्ड. मुलगा एड्सेल. एड्सेल हे नाव मोटारींच्या दुनियेत आज फजितीचं नाव आहे. तो वारल्यानंतर चौदा वर्षांनी, १९५७ साली, फोर्ड कंपनीने ‘एड्सेल’ नावाची गाडी वाजतगाजत आणली आणि दोन-सव्वादोन वर्षांत गुंडाळली. त्या गाडीशी त्या माणसाचा काडीचा संबंध नव्हता, नाव देऊ नका असं घरच्यांचंही म्हणणं होतं. ज्या माणसाची नजर फोर्ड घराण्यात सगळ्यांत तयार होती, त्याचंच नाव बेढब गाडीला चिकटलं. दैव म्हणतात ते असं काहीतरी असावं.

एड्सेलचा जन्म १८९३चा. १९१९ साली, पंचविशीत, तो फोर्ड मोटर कंपनीचा अध्यक्ष झाला. अर्थात कागदावर. किल्ल्या मुलाच्या कमरेला आणि तिजोरी बापाच्या खोलीत, असा तो कारभार होता. १९०८ पासून चालत आलेल्या ‘मॉडेल टी’च्या जागी नवी गाडी हवी, हे एड्सेल वर्षानुवर्षं सांगत होता. हेन्रींना ते पटायला १९२७ उजाडलं, तोवर शेवरोलेने बाजार खाल्ला होता. मग ‘मॉडेल ए’ आली. तिचं इंजिन आणि सांगाडा बापाने पाहिला, रूप मुलाने. लोकांनी दोन्हींना पसंती दिली.

लिंकन ही कंपनी मूळची फोर्डांची नव्हे. ती काढली हेन्री लेलँड यांनी, १९१७ साली, महायुद्धासाठी विमानांची ‘लिबर्टी’ इंजिनं बनवायला. १८६४ साली आपण आयुष्यातलं पहिलं मत अब्राहम लिंकनला दिलं, याचा लेलँडना अभिमान होता, म्हणून हे नाव. हे लेलँड म्हणजे कॅडिलॅकचेही जनक. त्यामागेही एक जुना सल आहे. १९०२ साली हेन्री फोर्ड आपल्या आधीच्या कंपनीतून बाहेर पडले, तेव्हा भांडवलदारांनी सल्ल्याला बोलावले ते लेलँडना आणि त्याच कंपनीची पुढे कॅडिलॅक झाली. वीस वर्षांनी, १९२२ साली, लेलँडांची लिंकन दिवाळखोरीत निघाली आणि लिलावात ८० लाख डॉलरना विकत घेतली ती हेन्री फोर्डनी. काही महिन्यांत लेलँड पितापुत्र बाहेर. सूड असेल किंवा व्यवहार. कंपनी मात्र एड्सेलच्या हवाली झाली. बापाला श्रीमंतांच्या गाड्यांत रस नव्हता, म्हणून मुलाला तिथे मोकळं रान मिळालं.

एड्सेलला चित्रांची जाण होती. डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयातल्या चौकाच्या भिंती १९३२-३३ साली दिएगो रिव्हेराने रंगवल्या, त्याचा खर्च एड्सेलने केला. रिव्हेरा कम्युनिस्ट. त्याने काढला तो फोर्डचाच कारखाना, घामाने निथळणारे कामगार, भट्ट्या, पट्टे, इंजिनं. चित्रं उघडी झाल्यावर गावात हलकल्लोळ झाला, चुना फासा म्हणेपर्यंत मजल गेली. एड्सेल चित्रकाराच्या बाजूने उभा राहिला. वडिलांसमोर फारसा आवाज न चढवणारा हा माणूस तिथे हलला नाही. भिंती आजही जशाच्या तशा आहेत.

आता गाडीकडे येतो. १९३०च्या दशकात एड्सेलने ई. टी. ग्रेगरी या तरुणाला हाताशी धरलं. लोक त्याला बॉब म्हणत. तो मूळचा मोटारींचा नव्हे, नौकांचे आराखडे काढणारा. या दोघांचं कसं जमलं असेल ते मला त्यांच्या गाड्यांकडे बघून समजतं. होडीच्या अंगाला जडवलेलं काही चालत नाही, पाणी ते मान्य करत नाही.

१९३८च्या शरद ऋतूत एड्सेल युरोपातून परतला. स्वतःसाठी एक गाडी हवी होती, युरोपातल्या गाड्यांसारखी, ‘कॉन्टिनेन्टल’. ग्रेगरीने काय केलं, तर लिंकन-झेफिर ही गाडी कारखान्यात बनत होतीच, तिचा एक-दशांश मापाचा आराखडा टेबलावर पसरला, वर पारदर्शक कागद ठेवला आणि रंगीत खडूने त्याच गाडीवर नवी गाडी काढली. बॉनेट फूटभर पुढे ओढलं. बसायची जागा मागे सरकवली. सगळं अंग काही इंचांनी खाली दाबलं. दाराखालची पायरी काढून टाकली. डिकी आखूड केली आणि स्टेपनी तिच्या मागे उभी केली. तासाभराचं काम, असं ग्रेगरी पुढे सांगत असे. एड्सेलने फारसं काही बदलायला लावलं नाही.

पहिली गाडी झेफिर कापूनच झाली. आडवे-उभे छेद घ्यायचे, मधली पट्टी काढायची, जोडायचं आणि सांधे शिशाने भरून घासून काढायचे. आपल्या गॅरेजात आज लांबी भरतात, तिथे शिसं. त्यामुळे गाडी दिसायला सडसडीत आणि वजनाला दांडगी. १९३९च्या वसंतात एड्सेल ती फ्लॉरिडाला घेऊन गेला. तिथल्या धनिक मित्रांनी ती बघून कोरे चेक पुढे केले अशी आख्यायिका आहे. आकडा प्रत्येक सांगणाऱ्यागणिक बदलतो, म्हणून मी सांगत नाही. त्या वर्षाच्या अखेरीस गाडी विक्रीला आली, आणि सुरुवातीचे पत्रे तर अक्षरशः हाताने ठोकलेले होते.

भक्तिभावाने बोलायचं नाही असं ठरवून आलोय, म्हणून हेही सांगतो. तिचं बारा सिलिंडरचं इंजिन यथातथाच होतं. तापायचं, तेलाचा गाळ धरायचं. पुष्कळ मालकांनी ते काढून आठ सिलिंडरचं बसवलं. रूपावर भाळून संसार करावा तसा प्रकार.

पण रूप खरंच तसं होतं. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी ती घेतली, आपल्या लाडक्या तांबड्या रंगात रंगवली आणि स्वभावाप्रमाणे तिच्या टपात फेरफारही केले. १९५१ साली न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ‘आठ मोटारी’ असं प्रदर्शन भरवलं, मोटार ही बघण्याची वस्तू आहे असं म्हणत. त्या आठांत १९४१ची कॉन्टिनेन्टल होती, आणि जीपही होती, हे मला फार आवडतं. तुमच्यापैकी बहुतेकांनी ही गाडी पाहिलेलीच आहे. ‘गॉडफादर’मध्ये टोलनाक्यावर सॉनीला गोळ्यांनी चाळण करतात ना, ती गाडी हीच.

१९४२च्या सुरुवातीला युद्धासाठी मोटारींचं उत्पादन थांबलं. २६ मे १९४३ रोजी एड्सेल पोटाच्या कर्करोगाने गेला. वय ४९. एकोणऐंशी वर्षांचे हेन्री फोर्ड पुन्हा अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. युद्धानंतर कॉन्टिनेन्टल १९४८ पर्यंत कशीबशी चालली. एकूण गाड्या झाल्या सुमारे ५,३०० आणि मग नाव बंद झालं.

ते पुन्हा काढलं एड्सेलच्या धाकट्या मुलाने. विल्यम क्ले फोर्ड. वडील गेले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याच्यासाठी कंपनीत कॉन्टिनेन्टल नावाचा वेगळा विभागच उघडला आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये ‘मार्क टू’ आली. तो काळ आठवा. अमेरिकन गाड्यांना माशासारखे पंख फुटले होते, क्रोमचा मुलामा हातभर, दोन-तीन रंग एका अंगावर. अशात ही गाडी आली सपाट, शांत, एकरंगी. पंख नाहीत. डिकीच्या झाकणावर स्टेपनीचा गोल उठाव तेवढा ठेवलेला, वडिलांची खूण म्हणून. पेट्रोल भरायचं तोंडही दिसू दिलं नाही, डाव्या मागच्या दिव्याआड लपवलं. जास्तीची वस्तू म्हणून एकच मिळे, वातानुकूलन. बाकी सगळं किमतीतच. किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास, त्यात साध्या चार-पाच फोर्ड आल्या असत्या. एल्व्हिस प्रेस्लीने घेतली, फ्रँक सिनात्राने घेतली, इराणच्या शहांनी घेतली. तरी कंपनीला प्रत्येक गाडीमागे तोटाच होता. जानेवारी १९५६ मध्ये फोर्डचे शेअर बाजारात आले. आता भागधारकांना जाब द्यायचा होता. सुमारे तीन हजार गाड्यांनंतर ‘मार्क टू’ संपली. मुलाने बापाचं श्राद्ध यथासांग केलं, पण ते एकदाच परवडलं.

यानंतर १९५८ साली जे आलं त्याबद्दल थोडक्यात आटोपतो. एकोणीस फुटांहून लांब, तिरक्या दिव्यांची, कुठूनही बघा तर काहीतरी अंगावर येणारी गाडी. सरांनी तिच्यावर एक अख्खा खोडरबर झिजवला असता. त्यात अमेरिकेत मंदी. लिंकनचा तोटा इतका वाढला, की नावच बंद करावं असा विचार सुरू झाला.

तो विचार करणारा माणूस होता रॉबर्ट मॅकनमारा. हो, तेच, पुढे व्हिएतनामचे. फोर्डमध्ये ते आकड्यांचे माणूस म्हणून आले होते आणि चैनीच्या गाड्यांविषयी त्यांना प्रेम नव्हतं. कंपनीच्या एका तळघरातल्या स्टुडिओत एल्वुड एन्गल या रचनाकाराने ‘थंडरबर्ड’ या गाडीसाठी मातीचं एक मॉडेल केलं होतं. मॅकनमारांनी ते पाहिलं आणि विचारलं, हिला चार दारं करून लिंकन करता येईल का? करता आली. आधीच्या गाडीपेक्षा जवळपास सव्वा फूट आखूड झाली.

माझ्या मते अमेरिकेत महायुद्धानंतर झालेली ही सर्वांत देखणी गाडी. असहमत असाल तर व्याख्यानानंतर चहाच्या वेळी भांडू. तिच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या कडा पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत सरळ जातात, आणि त्या कडेवर चमकदार पट्टीची एकच बारीक रेघ. बाजूचा पत्रा जवळजवळ कोरा. सरांच्या पाच-सहा रेघा त्या याच.

तिच्या दारांची गंमत सांगायला हवी. मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत, म्हणजे पुढची आणि मागची दारं कपाटासारखी समोरासमोर उघडतात. लोकांना वाटतं, ही ऐट आहे. खरं कारण व्यावहारिक होतं. गाडी आखूड केल्यावर नमुन्याच्या मागच्या सीटवरून उतरताना माणसांचे पाय दाराला अडकू लागले, म्हणून दार उलटं केलं. आपल्याकडच्या ‘डुक्कर फियाट’ची पुढची दारं अशी उलटी उघडायची. ज्यांनी त्या टॅक्सीत बसून मुंबई पाहिली आहे त्यांना आठवत असेल.

याच गाडीचा उघड्या टपाचा अवतार होता आणि त्याचं टप मिटताना बघणं म्हणजे एक नाटकच. बटण दाबलं की डिकीचं झाकण उलट्या बाजूने, पुढून वर उचललं जातं. मग टपाच्या पुढच्या कडेचे स्क्रू आपोआप सुटतात, कापडी टप कमानीसारखं उठतं, घडी घालत मागे जातं, डिकीत झोपतं आणि झाकण वरून बसतं. मोटरी, हायड्रॉलिक पंप, रिले, मर्यादा-स्विच. एक रिले रुसला की टप हवेत अर्धवट उभं, आणि वर पाऊस. अशी गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक आणि देवघरातला भटजी यांना सारखाच मान द्यावा लागतो.

घाट जितका साधा, तितकी तपासणी कडक. प्रत्येक गाडी बारा मैल रस्त्यावर चालवून मगच बाहेर सोडत. आणि दोन वर्षं किंवा चोवीस हजार मैल यांची हमी, जी अमेरिकेत तोवर कोणी दिली नव्हती. पहिल्या वर्षी पंचवीस हजारांवर गाड्या खपल्या. लिंकन वाचली. मॅकनमारा मात्र ते बघायला तिथे नव्हते. नोव्हेंबर १९६० मध्ये ते फोर्डचे अध्यक्ष झाले आणि काही आठवड्यांत केनेडींनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून उचलून नेलं.

केनेडींची गाडीही हीच. १९६१ची उघडी कॉन्टिनेन्टल, सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट या कारखान्याने मधोमध कापून साडेतीन फुटांनी लांब केलेली, गडद निळी. मागची सीट हायड्रॉलिकवर वर उचलता येई, म्हणजे गर्दीला अध्यक्ष दिसावेत. सरकारने ती विकत घेतली नव्हती, कंपनीकडून वर्षाला ५०० डॉलर भाड्याने घेतली होती. टपासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे होते, पण ते गोळी अडवणारे नव्हते. २२ नोव्हेंबर १९६३ला सकाळी पाऊस होता, मग उघडला, म्हणून डॅलसमध्ये तेही लावले नाहीत. पुढचं आपल्याला माहीत आहे. जे माहीत नसतं ते हे, की त्या गाडीला चिलखत चढवून, कायमचं टप बसवून, ती पुन्हा कामाला लावली. काळा रंग दिला. १९७७ पर्यंत पुढचे अध्यक्ष तीच वापरत होते. आपल्याकडे असं घडलं असतं तर तिला कुणी हात लावला नसता. त्यांच्याकडे काटकसर जिंकली.

डॅलसनंतर वर्षभराने एक पांढरी लिंकन मुंबईत आली. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल कॅथलिकांच्या जागतिक परिषदेसाठी मुंबईला आले होते, त्यांच्यासाठी ती अमेरिकेतून भेट म्हणून आलेली. तिच्यातूनच ते मुंबईत फिरले. जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर त्या गाडीत बसल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली, आणि तो पैसा आसनसोलजवळ कुष्ठरोग्यांसाठी उभ्या राहिलेल्या शांतीनगरच्या कामी आला. एवढा मोठा पल्ला या मॉडेलच्या दुसऱ्या कुठल्या गाडीने गाठला असेल असं वाटत नाही.

पुढची पन्नास वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. १९६८ साली ली आयकोका यांनी थंडरबर्डच्या सांगाड्यावर रोल्स-रॉइससारखी जाळी बसवून ‘मार्क थ्री’ आणली. खरं तर ‘मार्क थ्री’ १९५८ सालीच येऊन गेली होती, पण ती आठवण नको म्हणून आकडा पुन्हा वापरला. घराण्याच्या वंशावळीतून नको तो पूर्वज गाळावा, तसं. विक्रीत ती उत्तम ठरली, हे मान्य. सत्तरीत गाड्या पुन्हा एकोणीस फुटांवर गेल्या. मागच्या खांबात लंबगोल खिडकी आली, कार्तिए, जिव्हाँशी अशा नावांच्या आवृत्त्या आल्या. १९७३चा तेलाचा बहिष्कार आणि १९७५चा इंधनबचतीचा कायदा आल्यावर त्या आकसल्या. १९८८ साली कॉन्टिनेन्टल पुढची चाकं ओढणारी, सहा सिलिंडरची झाली, फोर्ड टॉरसची सुशिक्षित बहीण. चांगली होती, पण रस्त्यावर कुणी मान वळवून बघावं अशी नव्हती. २००२ साली ती बंद झाली.

२०१६ साली एकदा परत आली. चीनच्या बाजारावर तिची मोठी भिस्त होती. दारांच्या मुठी खिडकीखालच्या चमकदार पट्टीतच लपवल्या होत्या, हात आत घालून नुसता स्पर्श करायचा. त्या एका तपशिलात मला एड्सेल दिसला. मॉडेलला ऐंशी वर्षं झाली म्हणून २०१९ साली उलट्या दारांच्या फक्त ८० गाड्या केल्या, किंमत एक लाख डॉलरच्या वर. पण तोवर लोक उंच, जीपच्या वळणाच्या गाड्यांकडे वळले होते. ऑक्टोबर २०२० अखेर शेवटची कॉन्टिनेन्टल कारखान्यातून बाहेर पडली.

मित्रहो, डेट्रॉइटच्या परिसरात मराठी इंजिनिअरांची वस्ती मोठी आहे. या सभागृहातही अनेकांची मुलं-सुना तिकडे असतील. तुम्ही गेलात की ते तुम्हाला डिअरबॉर्नच्या संग्रहालयात नेतीलच. केनेडींची गाडी तिथे उभी आहे. त्या संग्रहालयाला नाव आहे हेन्री फोर्ड यांचं. ते पाहून झाल्यावर आणखी अर्धा दिवस मागून घ्या आणि शहरातल्या कलासंग्रहालयात जा. रिव्हेराने रंगवलेल्या दक्षिणेच्या भिंतीसमोर उभे राहा. मधोमध यंत्रं आहेत, कामगार आहेत. एड्सेल खालच्या कोपऱ्यात आहे, शोधावा लागतो.